चौसष्ट जीबी आणि मृत साठा

पैठणच्या माणसाला साठा शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात टपरीवर ‘किती झालं?’ एवढंच विचारायचं. समोरचा आधी टक्के सांगतो, मग आवक किती क्युसेक ते सांगतो, आणि कटिंग संपायच्या आत ‘नांदूर मधमेश्वरातून सोडलंय, येतंय की उद्यापर्यंत’ असा अंदाजही देऊन मोकळा होतो. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा, एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, त्यातला ७६ च्या आसपास जिवंत, २६ मृत, दरवाजे २७. ज्याला सख्ख्या मेव्हण्याचा मोबाइल नंबर पाठ नाही, त्यालाही हे आकडे पाठ असतात.

भरलेलं धरण आणि वाहता नळ यांच्यामध्ये एक पाइप असतो, हेही इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पन्नासेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला तर ते फारच ठाऊक आहे. शहराला पाणी नेणाऱ्या जुन्या जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या. शहर वाढत गेलं, पाइप होते तेवढेच राहिले. त्यामुळे इकडे लोक उघडलेल्या दरवाज्यांसमोर सेल्फी काढत असतात आणि तिकडे एखादी बाई शेजारणीला विचारत असते, ‘आपला पाण्याचा वार उद्या की परवा?’ अखेर २५०० मिलिमीटरच्या नव्या पाइपाची योजना निघाली. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या आकड्यावर तिचं भूमिपूजन झालं, पुढे तो आकडा २,७४० कोटींवर गेला. धरणाची क्षमता त्याने एका थेंबानेही वाढली नाही. वाढायची गरजच नव्हती.

एवढं सगळं अंगवळणी पडलेल्या याच पैठणच्या एमआयडीसीत एका कारखान्याने सर्व्हरची रॅम १६ जीबीवरून ६४ जीबी केली, आणि झाडून सगळं ऑफिस नळाखाली कळशी लावून बसलं.

कारखान्याचं नाव सांगण्यात हशील नाही. असे कारखाने दर तालुक्याला आहेत. अकाउंट्सच्या मागे काचेची एक खोली, कारखान्यातला सर्वांत गार एसी तिथे, म्हणून उन्हाळ्यात सर्वांत जास्त ‘कामं’ही तिथेच निघतात. कपाटात सर्व्हर. त्याच्या कपाळावर मागच्या खंडेनवमीचं हळदकुंकू, बाजूला सुकलेली झेंडूची पाकळी. या खोलीचा कारभार एकट्या माणसाकडे. त्याच्या विभागाला अजून ईडीपी म्हणतात, कारण दारावरची पाटी तशी आहे आणि पाटी बदलायला ॲडमिनची मंजुरी लागते. म्हणून तो ईडीपीवाला. प्रिंटरात कागद अडकला तरी तोच, पंचिंग मशीनने अंगठा ओळखला नाही तरी तोच.

मार्च महिना याच्या मुळावर उठलेला असतो. वर्षअखेर मार्चातच आणि नाथषष्ठीही बहुतेक मार्चातच. फाल्गुन वद्य षष्ठीला गावात दिंड्या, घराघरात पाहुणे, निम्मा स्टाफ रजेवर. आणि उरलेला निम्मा एकाच वेळी ईआरपीत घुसून बिलं काढतो. दुपारी कधीतरी डिस्पॅचमधून आरोळी येते, ‘बिल निघंना!’ ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर कॅन्टीनमध्ये, सर्व्हर बसलेला. ईडीपीवाला रीस्टार्ट मारतो, सर्व्हर उठतो, तासाभराने पुन्हा बसतो. यावर मीटिंग झाली आणि सर्वानुमते निदान झालं: रॅम कमी पडते.

निदान अर्धं बरोबर होतं. अर्धं बरोबर असलेलं निदान फार लवकर मंजूर होतं, असं आमचं निरीक्षण आहे.

स्टिक आल्या, रविवार ठरला. ईडीपीवाल्याने सर्व्हरचं झाकण सरकवलं, ब्लोअरने धूळ उडवली. ती सगळी समोर उभ्या असलेल्या वॉचमनच्या शर्टावर बसली. मग जुन्या स्टिक काढल्या. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या एकदम दाबाव्या लागतात, म्हणजे स्टिक आपोआप वर येते. एकच दाबली तर ती तिरकी अडकते आणि माणूस घामाघूम होतो. नव्या स्टिकच्या सोनेरी दातांवरून त्याने शाळेचं खोडरबर फिरवलं. कोऱ्या स्टिकला याची काही गरज नसते. पण भारतात रॅम बसवणाऱ्याने खोडरबर वापरलं नाही तर बघणाऱ्यांचा विश्वास बसत नाही. शेवटी अंगठ्याने दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज आला. सर्व्हर सुरू झाला, मेमरी मोजत बराच वेळ घुम्यासारखा बसला आणि मग त्याने स्क्रीनवर ६५५३६ एमबी असा आकडा दाखवला. वॉचमननेसुद्धा टाळी वाजवली.

सोमवारी पेढे वाटले. मंगळवारी दुपारी आरोळी आली, ‘बिल निघंना!’

आता जरा आतलं. असल्या कारखान्यांचं ईआरपी बहुधा जावात लिहिलेलं असतं आणि ते एका अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या पोटात चालतं. जावा प्रोग्राम मशीनची रॅम बघून हात पसरत नाही. सुरू होतानाच त्याला सांगावं लागतं की तुझी हद्द इथपर्यंत. या हद्दीतल्या जागेला हीप म्हणतात, आणि हद्द ठरते सेटिंगच्या फाइलीतल्या ‘एक्सएमएक्स’ नावाच्या एका शब्दाने. काहीच लिहिलं नाही तर जावा साधारणपणे मशीनच्या रॅमचा पाव हिस्सा कमाल हद्द मानते. पण बहुतेक वेळा काहीतरी लिहिलेलं असतं. जेबॉस आणि ग्लासफिश या दोन नावाजलेल्या सर्व्हरांच्या मूळ फाइलीत वर्षानुवर्षं ५१२ एमबीची हद्द लिहून येत असे. लॅपटॉपवर शिकणाऱ्याचं त्यात भागावं, खऱ्या कामाला ज्याने त्याने वाढवून घ्यावं, एवढाच तिचा अर्थ. इथे मागे कुणीतरी धाडस करून ५१२ ची २ जीबी केली होती आणि वर इंग्रजीत ‘हात लावू नये’ अशा अर्थाची ओळ लिहून ठेवली होती. ज्याने लिहिली तो नोकरी सोडून पुण्याला गेला. ओळ राहिली.

थोडक्यात, धरण चौपट झालं होतं आणि पाइप तोच होता.

ईडीपीवाल्याने हे जनरल मॅनेजर साहेबांना सांगितलं. साहेब व्यवहारी. ‘मग दोनच्या जागी चौसष्ट लिहा की. एक आकडा तर बदलायचाय.’

‘साहेब, चौसष्ट नाही लिहिता येत. ऑपरेटिंग सिस्टीमला लागते, डेटाबेसला लागते.’

‘बरं, मग छप्पन्न.’

आकडा कुठून आला हे विचारायची पद्धत नाही. छप्पन्न लिहिले. बुधवारी सकाळी सर्व्हर असा पळाला की अकाउंट्सवाल्या काकांनी स्वतःहून चहा पाजला. हद्द छप्पन्नची दिली तरी ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्यक्ष जागा लागेल तशी हातात देते, त्यामुळे सकाळी सगळंच सुरळीत. दुपारपर्यंत हीप फुगत गेला. शेजारी डेटाबेसाने आपल्या दहाएक जीबी आधीच मांडून ठेवलेल्या. छप्पन्न आणि दहा सहासष्ट, हा हिशेब पहिलीच्या पाटीवरचा. पण मीटिंगमध्ये पाटी कुणी आणत नाही. जागा संपली तशी ऑपरेटिंग सिस्टीमने काही सामान डिस्कवर नेऊन ठेवायला सुरुवात केली, आणि नेमक्या त्याच वेळी जावाची झाडलोट निघाली.

या झाडलोटीला गार्बेज कलेक्शन, थोडक्यात जीसी, म्हणतात. एक बिल काढायला प्रोग्राम शेकडो छोट्यामोठ्या वस्तू हीपमध्ये मांडतो आणि बिल निघालं की तशाच टाकून उठतो. मागून झाडणारा येतो, कोणती वस्तू अजून कुणाच्या हातात आहे ते बघतो, बाकीच्यांची जागा मोकळी करतो. या कारखान्यात जावा ८. व्हेंडर पुढच्या आवृत्तीचं नाव काढू देत नाही. जावा ८ मध्ये असल्या मशीनवर नेमणुकीला असलेला झाडणारा सगळ्यांना जागच्या जागी उभं करून झाडतो. हीप पूर्ण रॅममध्ये असला तर हा खोळंबा सोसता येतो. पण निम्मं सामान डिस्कवर गेलेलं असताना तो एकेक वस्तू तपासायला डिस्कच्या वाऱ्या करू लागला, की सर्व्हर बंद पडल्यात जमा. बिलाच्या स्क्रीनवरचं गोल चक्र फिरत राहिलं, गेटवर ट्रक वाढत राहिले.

ही झाडलोट पहिल्यापासूनच अशी भर मांडवात निघणारी. ती शोधून काढली जॉन मॅकार्थी यांनी, १९५९ च्या सुमारास, लिस्प या भाषेसाठी. एमआयटीत पाहुण्यांसमोर लिस्पचं प्रात्यक्षिक चाललं होतं. तालमीत सगळं नीट झालेलं. ऐन प्रयोगात मेमरी संपली, कलेक्टर जागा झाला आणि टाइपरायटरसारख्या यंत्रावर, सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने, आपल्याला बोलावणं आल्याची वर्दी आणि झाडलोटीचा तपशीलवार हिशेब टाइप करू लागला. एरवी हा हिशेब वेगवान प्रिंटरवर निघत असल्याने तो पानभर असे. उरलेला सगळा वेळ तो हिशेबच खाणार हे दिसत होतं. वक्ता आणि श्रोते हसून हसून बेजार झाले, असं मॅकार्थींनीच लिहून ठेवलंय. पैठणला मात्र कुणी हसलं नाही.

थोड्या वेळाने लिनक्सने, म्हणजे या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमने, प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. रॅम पार संपली की लिनक्स कुणातरी एका प्रोग्रामला उचलून बाहेर फेकतो, आणि बहुधा ज्याने सर्वांत जास्त जागा बळकावली त्यालाच. अतिक्रमणविरोधी मोहिमेत हा नियम आम्ही अजून कुठे पाहिलेला नाही. ईआरपी गेलं, डेटाबेस शाबूत राहिला.

मग वाटपाची बैठक बसली. ईडीपीवाल्याने सगळ्यांच्या कागदपत्रांचा धांडोळा घेतला होता. डेटाबेसांपैकी मायएसक्यूएलची शिफारस अशी की मशीन फक्त माझं असेल तर ८० टक्क्यांपर्यंत रॅम मला द्या. पोस्टग्रेसची सुरुवात २५ टक्क्यांपासून. जावाचा पाव हिस्सा आहेच. शिवाय जावाचा प्रत्येक थ्रेड हीपच्या बाहेर एकेक एमबीपर्यंत स्टॅक धरून ठेवतो, त्यामुळे तीनशे लोक एकदम आत शिरले की ते वेगळंच. ज्याचं पुस्तक उघडावं त्याच्या मते मशीन त्याचं एकट्याचं. नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्या पाणीवाटपात तरी एक नियम आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तोही अनेकदा कोर्टाच्या पायऱ्या दाखवतो, पण निदान आकडा तरी कागदावर आहे.

साहेबांनी मध्यम मार्ग काढला. ‘छप्पन्न जास्त झाले ना? मग चाळीस करा.’

इथे ईडीपीवाल्याने पहिल्यांदा मान हलवली नाही. कारण ३२ जीबीपाशी जावाची एक गंमत आहे. हीपमधल्या वस्तू एकमेकींचा पत्ता लिहून ठेवतात. हीप ३२ जीबीच्या आत असेल तर हा पत्ता चार बाइटमध्ये मावतो, कारण जावा वस्तू आठ-आठ बाइटच्या ओळीत मांडते आणि पत्त्यात बाइट न मोजता ओळी मोजते. हद्द ओलांडली की प्रत्येक पत्ता आठ बाइटचा. म्हणजे ३१ वरून ३४ वर जाणाऱ्याच्या हातात उलट कमीच जागा उरू शकते. साहेबांनी हे दोनदा ऐकलं आणि विचारलं, ‘जास्त दिल्यावर कमी होतं?’ हो म्हटल्यावर त्यांनी ईडीपीवाल्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर एरवी फक्त जीएसटीच्या कन्सल्टंटच्या वाट्याला येते.

खरा आकडा निघाला तो जीसीच्या लॉगमधून, आणि तो कुणी मागितलाच नव्हता. पूर्ण झाडलोट झाल्यावर हीपमध्ये जे उरतं तेवढंच ईआरपीला खरोखर लागत असतं. मार्च-एंडच्या गर्दीतही हे उरलेलं तीन जीबीच्या आसपास होतं. म्हणून २ जीबीत ते गर्दीच्या दिवशी बसायचं आणि एरवी धापा टाकत चालायचं. जाणकारांचा ठोकताळा असा की या उरलेल्याच्या तिप्पट-चौपट हीप द्यावा. चार त्रिक बारा. सुरुवातीची हद्दही बारा आणि कमाल हद्दही बारा, म्हणजे दिवसभर कमीजास्त करत बसायला नको. डेटाबेसाला चोवीस. बाकीचं मोकळं.

‘चौसष्टातले फक्त बारा?’ साहेब म्हणाले. ‘मग एवढी घेतली कशाला?’ हा प्रश्न आपल्याला यायला नको म्हणून परचेसवाले बैठकीतून फोनवर बोलत बोलत केव्हाच बाहेर गेले होते.

पण बारावर सर्व्हर चालला. बिलं निघाली, ट्रक गेले, वर्षअखेर पार पडली. झाडलोट व्हायची, पण कुणाच्या लक्षात यायच्या आत आटपायची. कौतुकाला अर्थात कुणी फिरकलं नाही; चालू सर्व्हर कुणाला दिसत नाही. आले ते अकाउंट्सवाले काका.

‘बारा त्याला, चोवीस त्याला. म्हणजे अठ्ठावीस शिल्लक. त्यातली एक स्टिक माझ्या पीसीला लावा ना. एक्सेल उघडेपर्यंत माझी तंबाखू मळून होते.’

सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी रॅम साध्या पीसीला चालत नाही, हे ईडीपीवाल्याने नीट समजावून सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं आणि जाताना शिपायाला म्हणाले, ‘द्यायची नाय, असं सरळ सांगायचं.’

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः काचेच्या खोलीत आले. उन्हाळा लागला होता. बोलता बोलता त्यांची नजर स्क्रीनवर गेली. लिनक्स मोकळी रॅम मोकळी ठेवत नाही; वाचलेल्या फाइली तिच्यात धरून ठेवतो आणि कुणी जागा मागितली की लगेच सोडतो. त्यामुळे ‘फ्री’ या रकान्याखाली नेहमीच चिमूटभर आकडा दिसतो. साहेबांनी तो चिमूटभर आकडा पाहिला.

‘अहो, ही पण संपली?’

ईडीपीवाल्याने खुर्ची ओढून घेतली, शेजारचा कॅशचा रकाना दाखवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. साहेब ऐकत होते, मधूनमधून ‘बरोबर, बरोबर’ही म्हणत होते. निघताना त्यांनी परचेसला फोन लावला. १२८ जीबीसाठी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. दोन आली आहेत.