पाटा बसला

"पाटा बसला," अण्णा फोनवर म्हणाले.

"वा! एवढ्या लवकर?" मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग एवढंच आलं, "शनिवारी ये."

चूक माझी नाही, मराठीची आहे. गाडीचा पाटा थकून सपाट झाला तरी तो 'बसला' आणि नवा पाटा जागेवर नीट गेला तरी तोही 'बसला'. बारसं आणि बारावं एकाच शब्दात उरकणाऱ्या भाषेत मी नाशिकला बसून अर्थ तरी कोणता लावायचा?

आमची पिकअप निफाडकडच्या घरी असते. वय वीसच्या पुढे. रंग मूळचा पांढरा होता असं आरसीबुकावर लिहिलंय. पुढच्या दोन्ही चाकांवर बैलगाडीच्या चुलत घराण्यातले वाटावेत असे एकावर एक रचलेले कमानपाटे. भार सव्वा टन, हे कागदावर. कांद्याला वाचता येत नाही. लासलगावच्या बाजाराला निघताना अण्णा 'अजून दोन गोण्या बसतील' म्हणतात. इथंही क्रियापद तेच, आणि बसतो शेवटी पाटाच.

त्यातही डावा आधी का बसला, याचं कारण मला अण्णांच्या स्वभावात सापडलं. आमचा रस्ता एका गाडीपुरता. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मोटरसायकल, क्वचित म्हैस, काहीही आलं तरी अण्णा साइड देतात. साइड दिली की डावं चाक डांबर सोडून साइडपट्टीच्या खड्ड्यात. वीस वर्षं दुसऱ्याला वाट दिल्यावर मेन पाट्याला डोळ्याजवळ चीर गेली. माणुसकीनं मोडलेला पाटा आमच्या पंचक्रोशीत तरी हा एकच.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अकरावीला दरवर्षी हूकचा नियम येतो. या रॉबर्ट हूकनं १६७६ मध्ये आपला शोध जाहीर केला तो एका लॅटिन वाक्याची अक्षरं सुटी करून, वर्णानुक्रमे मांडून. कोणी ढापू नये म्हणून. स्प्रिंगवरचा ताण आणि तिचं बळ एकाच प्रमाणात वाढतात, हा उलगडा त्यानं १६७८ मध्ये केला. दोन वर्षं माहिती दाबून ठेवणारा हा माणूस खरा मिस्त्रीच! तर ज्याला हा नियम फळ्यावर काढता येतो त्याला पाटा बदलता येणार नाही का, असा विचार करून मी नाशिकच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात उभा राहिलो.

"जोडी देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"एकच. डावा. उजवा चांगला आहे."

"त्याला विचारलं का?"

मी हसण्यावारी नेलं. पाटा, रबरी बुश, शॅकल, पिना घेतल्या. यू-बोल्ट मात्र त्यानं नवेच गळ्यात मारले. एकदा आवळून ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, म्हणाला. तेव्हा मला ती विक्रीची युक्ती वाटली. ती नव्हती.

शनिवारी गाडी जॅकवर घेतली. अण्णांचा जॅकवर विश्वास नाही, त्यामुळे चेसीखाली घोडी, घोडीशेजारी बाभळीचा ओंडका, आणि ओंडक्याशेजारी स्वतः अण्णा. शेजारच्या गॅरेजातले मिस्त्री चहाचा कप घेऊन आले आणि बांधावर टेकले. "मी मदतीला नाही आलो, सर. बघायला आलोय."

जुने नट डिझेलनं रात्रभर भिजवले होते. ते नुसतेच स्वच्छ झाले. पान्यात पाइप घालून, पाइपवर मी उभा राहून, असे तीन सुटले. चौथा कापावा लागला. शॅकलची पिन बुशात अशी गंजली होती की घण मारला की गाडी हलायची, पिन नाही. सव्वादोन तासांत मी एक पिन काढली आणि दोन बोटांची साल. त्या वेळात मिस्त्रींचे तीन चहा झाले.

नवा पाटा चढवणं त्या मानानं सोपं. मधल्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बसलं पाहिजे, नाहीतर चाक मागेपुढे सरकतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. पुढचा डोळा पक्का, मागचा शॅकलमध्ये झुलता, कारण भार पडून कमान सपाट झाली की पाटा लांबतो आणि त्या लांबीला जायला जागा लागते. हे सगळं मी अण्णांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं समजावून सांगत होतो. पिना जीव खाऊन आवळल्या. घाम पुसला.

"सर," मिस्त्री पहिल्यांदा बांधावरून उठले, "चाक हवेत आहे."

"हो, मग?"

"रबराचा बुश आहे. जसा आवळाल तसाच धरून राहणार. आता गाडी खाली घेतली की पाटा वाकणार, बुश पिळला जाणार आणि दोन महिन्यांत फाटणार. आधी चाक टेकवा, भार येऊ द्या, मग आवळा."

पुस्तकात हे नाही. मी सगळं सैल केलं, चाक टेकवलं, यू-बोल्ट आडवे-तिडवे आलटून पालटून आवळले, पिना आवळल्या आणि लांब जाऊन गाडीकडे पाहिलं.

गाडी उजवीकडे कलली होती. चांगली तीन बोटं. डावीकडून ताठ मानेची नवरी, उजवीकडून कंबर धरलेला नवरदेव.

उजव्या पाट्यात वरवर खरंच काही बिघाड नव्हता. थकलेल्या पाट्याचा ताठपणा फारसा कमी होत नाही, उंची तेवढी कमी होते. पंधरा किलो भार टाकला तर दोन्ही सारखेच दबणार, पण एक जिथून दबायला सुरुवात करतो तिथे दुसरा आधीच पोहोचलेला असतो. आमच्या स्टाफरूममध्ये अशी निदान चार माणसं आहेत, म्हणून मला हे लगेच पटलं.

"पाटे जोडीनं बदलायचे असतात, सर," मिस्त्री म्हणाले. "सत्यनारायणाला एकटा बसतो का कोणी?"

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही फिजिक्सचे."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त रिकामं क्रेट हौद्यात डावीकडे ठेवलं आणि ते उजवीकडे घसरत जाताना शांतपणे पाहिलं.

पुढच्या शनिवारी त्याच दुकानात गेलो. मी तोंड उघडायच्या आत काउंटरवर उजवा पाटा आणि यू-बोल्टची जोडी तयार होती. या खेपेला काम दोन तासांत झालं, कारण पाइपवर मिस्त्री उभे राहिले आणि बांधावर मी. तीनेकशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळले, नवे पाटे एकमेकांवर दबले की ते सैल होतात म्हणून. अण्णा अजूनही साइड देतात.

जुने पाटे गावातल्या लोहाराकडे गेले. कमानपाट्याच्या पोलादाला धार चांगली टिकते. त्याचे चार कोयते निघाले. एक आमच्या नाशिकच्या ओट्याखाली आहे, नारळ एका घावात फुटतो.