नऊ व्हॉल्व्ह, एक जावई

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. ही गोष्ट मी कुणालाही, कसलाही विषय चालू असला तरी सांगतो. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात या गृहस्थाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे टेलिकास्टर काढली, स्ट्रॅटोकास्टर काढली, अँप्लिफायरांच्या पिढ्याच्या पिढ्या काढल्या. गिटार मात्र शिकला नाही तो नाहीच. मी त्याच फुलरटनपासून जवळ राहतो आणि मलाही गिटार वाजवता येत नाही. साम्य इथेच संपतं, असं माझी बायको म्हणते.

अगदीच येत नाही असंही नाही. 'एफ'चा कॉर्ड वगळून जी गाणी होतात ती मी वाजवतो. अशी गाणी थोडी आहेत आणि त्यातली चांगली त्याहून थोडी. पण माणसाला वाजवणं जितकं कमी जमतं तितकं त्याला सामानातलं जास्त कळू लागतं. माझं तसं झालं. आपल्या बोटांत काही कमी नाही, कमी आहे ती अँपमध्ये, या निष्कर्षाला मी बऱ्याच अभ्यासाने आलो.

तेव्हा माझ्याकडे होता तो नवा अँप, फेंडरच्याच डिलक्स रिव्हर्बची २०१९ मध्ये निघालेली डिजिटल आवृत्ती. उत्तम चालत होता. हीच त्याच्याबद्दलची तक्रार होती. मला हवा होता खरा, व्हॉल्व्हचा डिलक्स रिव्हर्ब. तो १९६३ साली आला. १९६५ च्या जानेवारीत लिओने कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, आणि त्याआधीचे अँप तेवढे अस्सल असं दर्दी लोक मानतात. त्यामुळे नंतरच्यांचा भाव थोडा उतरतो. एक आजोबा घर विकून मुलीकडे राहायला निघाले होते, त्यांच्या गॅरेजमध्ये मला १९६६ चा मिळाला. थोडा उतरलेला भावसुद्धा एवढा होता की घरी मी रक्कम डॉलरमध्ये न सांगता "बरा मिळाला" एवढीच सांगितली.

नव्याचं वजन २३ पौंड, जुन्याचं ४२. पौंडात हे नीट कळत नाही. जिना चढताना कळतं. वर आणून दोघांना शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा बायको दाराशी उभी राहून म्हणाली, "हा तर आपल्याकडे आहेच की."

दोष तिचा नाही. नवा मुद्दाम जुन्यासारखा दिसेल असाच बनवलाय. तीच काळी पट्टी, तीच चंदेरी जाळी, तीच एक ते दहा आकड्यांची बटणं. फरक सगळा पोटात. जुन्याच्या पोटात नऊ व्हॉल्व्ह, सुटे सुटे, आपापल्या जागी नवग्रहांसारखे बसलेले. एकाची मर्जी फिरली की सगळ्या पत्रिकेची वाट. नव्यात ग्रह नाहीत, फक्त ज्योतिषी आहे. या क्षणी व्हॉल्व्ह असता तर त्याने काय केलं असतं, याचं गणित एक चिप सारखी मांडत असते. जुना २२ वॉटचा. त्याची नक्कल करायला नव्याला १०० वॉटचा डिजिटल अँप्लिफायर द्यावा लागला, कारण व्हॉल्व्ह दमत आला की बावीसच्याही वर रेटत राहतो आणि तेवढ्या उसळीला जागा लागते. दमल्याची नक्कल करायला एवढी ताकद लागते, हे आमच्या ऑफिसात पूर्वीपासून सर्वांना ठाऊक आहे.

या सगळ्यात एकच अडचण होती. सासरे सहा महिन्यांसाठी आले होते.

सासऱ्यांचं कोल्हापुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे लिओ फेंडरशी साम्य असलं तर त्यांचं, पण हे मला उशिरा सुचलं. त्यांनी जुन्या अँपच्या पाठीमागे वाकून पाहिलं आणि ओळखीच्या घरात नको तो पाहुणा दिसावा तसा चेहरा केला.

"जावईबापू, हे ईसीसी त्र्याऐंशी."

"बाबा, इथे त्याला ट्वेल्व्ह एएक्स सेव्हन म्हणतात."

"म्हणू देत. दर बुधवारी लोक सेट घेऊन दुकानात उभे असायचे. आठ वाजता रेडिओवर बिनाका गीतमाला लागायच्या आत चालू करून द्या म्हणून. का बंद पडायचा? तर ह्याच्यामुळं. ट्रान्झिस्टर आला तेव्हा आम्ही सुटलो म्हणालो. आणि तुम्ही हे पैसे देऊन आणलं?"

मी त्यांना आवाजातली ऊब समजावून सांगितली. त्यांनी अँपवर हात ठेवून पाहिला आणि ऊब असल्याचं मान्य केलं.

मग प्लगकडे बघून विचारलं, "ह्याला अर्थिंग कुठाय?" मूळची दोन पिनांची वायर तशीच होती. मेनपासून थेट चासीला जोडलेला एक कपॅसिटरही होता. तो जर शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांत करंट, आणि तारांवर जावयाची बोटं. त्यांनी अँप उघडला. मला लांब बसवलं. बंद करून वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरांत चारेकशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. ते आधी उतरवायचे, आणि काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंटला छातीतून जायला वाट मिळत नाही. बाबा लेंग्यावर होते. लेंग्याला खिसा नाही. त्यांनी डावा हात पाठीमागे धरला आणि उजव्याने तो कपॅसिटर कापून तीन पिनांची वायर जोडली.

आता तुलना. शनिवारी इथल्या मराठी मंडळातली चार घरं पोह्यांना बोलावली. दाराला सोलापुरी चादर लावली, तिच्यामागे दोन्ही अँप आणि मी, श्रोते बाहेर. 'अ' आणि 'ब'. कुठला जुना ते त्यांनी ओळखायचं. ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा एक मित्र लगेच म्हणाला, आधी दोघांचा आवाज सारखा कर. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज मोठा असला की कानाला खर्ज आणि वरचे सूर जास्त भरून ऐकू येतात, त्यामुळे मोठा तो चांगला वाटतो. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी जुना थोडा वर ठेवला होता. फोनवर डेसिबल मोजून तो खाली आणावा लागला.

मी वाजवलं. 'अ' वाजवला, 'ब' वाजवला. बाहेर शांतता. मग कुणीतरी विचारलं, "सुरू केलंस का?"

खरं सांगायचं तर तीनवर व्हॉल्यूम असताना मलाही फरक ऐकू येत नव्हता. दोन्ही स्वच्छ, गोड, सभ्य. जुन्याची खरी गंमत सहा-सातच्या पुढे. तार जोरात छेडली की व्हॉल्व्ह एकदम जास्त करंट मागतात, रेक्टिफायरला तेवढा पुरवता येत नाही, व्होल्टेज क्षणभर खचतं; आवाज दबतो आणि मग सावकाश फुलून वर येतो. ते ऐकण्यासाठी माणसं घरदार विकतात. पण सहावर नेला की खिडक्या थरथरतात आणि आमच्या एचओएचं, म्हणजे सोसायटीचं, पत्र येतं. नव्याच्या पाठीमागे वॉट कमी करायचं बटण आहे, पार ०.२ पर्यंत. जुन्याच्या पाठीमागे फक्त सासरे होते.

तरी मी सहावर नेला. गिटारची तार छेडणार एवढ्यात अँपमधून एक माणूस स्पॅनिशमध्ये हसला.

नंतर ट्रम्पेट आले, अ‍ॅकॉर्डियन आलं, पुन्हा तो माणूस आला. जवळपासचं एखादं एएम स्टेशन गिटारच्या केबलमधून आत शिरत होतं, आणि पहिल्या व्हॉल्व्हचा ग्रिड इमानेइतबारे रेडिओचं काम करत होता. नव्यात नुसती घरघर होती. बाहेर एकदम जीव आला. कुणी ठेका धरला, एका वहिनींनी "हेच राहू दे" म्हणून सांगितलं, आणि 'ब' म्हणजे जुना हे सर्वांनी बिनचूक ओळखलं. माझ्या प्रयोगाचा एवढा निर्विवाद निकाल त्याआधी कधी लागला नव्हता.

बाबांनी चादर बाजूला केली, केबल हातात घेतली, टोकाचं जॅक उघडलं. "ड्राय सोल्डर. शील्ड सुटलीय. कुणी केलंय हे?" केबल मी स्वतः बनवली होती. इंटरनेटवर त्या कलेला ध्यान म्हणतात. बाबांनी टाका पुन्हा घातला, मेक्सिको बंद झालं, आणि पाहुणे पोहे संपवून निघाले.

मग बाबांनी नवाही उघडून पाहिला. आत एक बोर्ड, त्यावर मुंगीएवढे भाग. बराच वेळ बघत राहिले आणि स्क्रू लावून टाकले. "चांगला आहे. पण बिघडला तर आपण काय करायचं, बघत बसायचं?" जुन्याला शिव्या देत का होईना, पुढचा आठवडाभर ते त्याच्याच मागे होते. पेन्सिलीच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह ठोकून पाहायचे. जो घंटेसारखा वाजेल तो बदलायचा. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह इथे जुने म्हणून विकले जातात हे मी त्यांना फोनवर दाखवलं. किंमत बघून ते थोडा वेळ गप्प राहिले. कोल्हापुरात माळ्यावर खोकंभर होते, ते भंगारात दिल्याला किती वर्षं झाली याचा हिशेब चालला असावा.

मंडळाच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा होता. गिटारला मीच असणार असं मी धरून चाललो होतो. छापील पत्रिकेत माझं नाव 'ध्वनिव्यवस्था' या सदरात आलं. गिटारला खजिनदारांचा मुलगा, अकरावीतला. अँप मात्र माझा जुना. तो मी आणि बाबांनी हॉलमध्ये नेला, म्हणजे मी नेला आणि बाबांनी दारं उघडली. हॉल मोठा, शेजारी कुणी नाही. त्या पोराने कुणालाही न विचारता व्हॉल्यूम सातवर नेला आणि सत्तरच्या दशकातल्या एका गाण्याची सुरावट उचलली.

आवाज दबला, फुलला, वर आला. शेवटच्या रांगेतल्या आज्यांनी बोलणं थांबवलं. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "फरक आहे हो. त्या दिवशी ऐकूच आला नाही."

कार्यक्रम संपल्यावर खजिनदार धावत आले, माझा हात हातात घेतला. "काय सुंदर आवाज आहे रे! नवीन घेतलास वाटतं?"