शेठ, येताना वही घेऊन या

रा. रा. शेठ यांस,



कार्निव्हलसाठी पाठवलेला तुमचा चेक मिळाला. सोबत पेनड्राइव्हमध्ये बॅनरचं डिझाइनही मिळालं. मैदानाच्या कमानीवर हात जोडलेला तुमचा फोटो, मागे हिरवंगार शेत, खाली ‘शेतातून थेट ताटात’ आणि त्याहून ठळक अक्षरांत ‘सौजन्य’. शिवाय तुमच्या फार्मसाठी कोपऱ्यावरचा स्टॉल हवा, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक येईल असा. बिनखताची वांगी, कागदी पिशवीतली सुकेळी, आणि पिशवीवर छापलेलं ‘आदिवासी भगिनींच्या हातची’. भगिनींना या छपाईची कल्पना आहे का, हे विचारायचं आमच्या एका कार्यकर्तीच्या जिभेवर आलं होतं. पण तुमचा माणूस घाईत होता.

चेक परत पाठवतो आहोत. आमचे खजिनदार निवृत्त एस.टी. कंडक्टर. आलेला पैसा जमेला आणि गेलेला नावे टाकल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. तेव्हा आमच्या हिशोबात तुमचं नाव एकदा आलं आणि एकदा गेलं, एवढी नोंद राहील. हे खाजगीत कळवता आलं असतं, पण तुम्हाला प्रसिद्धीची आवड. म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

फोनवर तुम्ही म्हणालात, ‘कार्निव्हल म्हणजे खा, प्या, नाचा. त्यात मजुरीचं रडगाणं कशाला घुसवता?’ अगदी बरोबर. गोव्याचा किंग मोमोसुद्धा चित्ररथावर उभा राहून हेच फर्मान काढतो. पण मोमोचं राज्य चार दिवसांचं असतं, शेठ. त्या चार दिवसांत खालचा वर आणि वरचा खाली, हीच कार्निव्हलची जुनी खोडी. ज्याचं वर्षभर मुकाट ऐकून घ्यायचं, त्याची मुखवटा घालून भर रस्त्यात टिंगल करायची. हा सण पोर्तुगिजांचा म्हणाल, तर वसईत ते १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं होते. समजा ते आले नसते, तरी आपल्याकडे शिमगा होताच की! ज्याच्या नावाने बोंब मारायची, त्याच्याच दारात उभं राहून मारायची मुभा आपल्या वाडवडिलांनी कुणाकडून आयात केलेली नाही.

तारखेवरून आमच्यात बरीच खडाजंगी झाली. गिरीज-भुईगावकडची कॅथलिक मंडळी म्हणाली, उपासकाळ लागला की आम्ही नाचणार नाही. अर्नाळ्याच्या कोळणी म्हणाल्या, बोटी लागायच्या दिवशी आम्हाला बोलावू नका. तुमच्या वीटभट्टीवरच्या माणसांना होळीच्या आधीचाच एखादा दिवस हवा होता. होळीला ती जव्हार-मोखाड्याला घरी जातात आणि घरी गेली की तुमचा मुकादम जीप घेऊन मागोमाग जातो. शेवटी उपासकाळाच्या आधीचा रविवार ठरला. वसई तालुक्यात इतक्या लोकांचं एका तारखेवर एकमत झालं, हेच कमानीवर लिहायला हवं होतं.

आता कार्यक्रम सांगतो, कारण प्रमुख पाहुणे म्हणून तुमचं निमंत्रण कायम आहे. फक्त चेक परत केला आहे.

संध्याकाळी तारपा वाजेल, त्याच्यामागे ब्रास बँड. पाड्यावरच्या बायका उकडहंडी लावणार आहेत, वाडवळ घरांतून पानमोडी येणार आहे, कोळणी सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी देणार आहेत. यातलं काहीच फुकट नाही. रांधणाऱ्या बायकांची मजुरी आदल्या दिवशी हातात पडणार आणि मांडव बांधणाऱ्यांचे पैसे पहिला बांबू रोवण्याआधी. यावरही वाद झाला. आमच्यातल्याच एका सज्जनांचं म्हणणं, ‘बायका आपल्याच आहेत, प्रेमाने करतील.’ तुमची आठवण आली, शेठ. प्रेमाने करून घ्यायची ही रीत या तालुक्यात किती खोल मुरली आहे, ते आम्हाला बाहेर शोधायला जावं लागलं नाही.

प्रत्येक स्टॉलवर एक पाटी असेल: या ताटाच्या किमतीतले पिकवणाऱ्याला किती, तोडणाऱ्याला किती, टेम्पोला किती, दलालाला किती. सुकेळीच्या स्टॉलवर ही पाटी लिहिताना फार वेळ गेला. आगाशीच्या सुकेळीचं कौतुक इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही आहे. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवस दिवस उन्हात घालायची, उलटायची, दवाच्या आधी झाकायची, परत सकाळी काढायची. शेवटी केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. या उलटण्या-झाकण्याची मजुरी कुठल्या खात्यात धरायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर ती कुणी धरलीच नव्हती.

तुमच्यासाठी मात्र खास खेळ ठेवला आहे. मैदानाच्या एका टोकाला गारा तयार असेल, साचा असेल. तुम्ही आणि वहिनीसाहेब अशी एक जोडी, आणि मोखाड्याची एक जोडी. कोण किती विटा थापतो, बघू. भाजलेली वीट तीनेक किलोची. ओली त्याहून जड. तुमच्या भट्टीवर हा खेळ पहाटेच्या अंधारात सुरू होतो. आम्ही तुमच्या प्रकृतीचा विचार करून संध्याकाळची वेळ ठेवली आहे. बक्षीसही तुमच्याच पद्धतीने देऊ: आत्ता थोडी खर्ची, बाकीचा हिशोब पावसाच्या तोंडावर.

आणि चित्ररथ. नाताळात गोठे बांधणारी आमची पोरं गेले कित्येक दिवस बांबू आणि रद्दी घेऊन बसली आहेत. ती तुमची वही बनवताहेत. माणूसभर उंचीची, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबोडकी. खरी वही त्यांनी पाहिलेली नाही, पण ती पाहिलेल्या माणसांनी इतकं बारीक वर्णन केलं की पोरांना विचारायला काही उरलं नाही. डाव्या पानावर वर, गणपती-दिवाळीच्या सुमाराची उचल. तिच्याखाली आठवड्याची खर्ची, बाजार, ‘दवाखाना – पोरगी’, ‘रिचार्ज’, ‘सण’. उजव्या पानावर विटांचे हजार. त्यातून फुटलेल्या वजा, अवकाळी पावसाने भिजलेल्या वजा. पाऊस तुमच्या भट्टीवर पडतो, पण भरपाई थापणारा देतो, ही सोय भल्याभल्या विमा कंपन्यांना जमलेली नाही. नाव नवऱ्याचं. बायको निम्म्या विटा थापते, पण वहीत तिचं नाव नाही, ती ‘जोडी’ आहे. आणि डावं पान शाईने, उजवं पेन्सिलने. हा तपशील एका म्हाताऱ्याने सांगितला, तेव्हा रंगकाम करणारा पोरगा ब्रश खाली ठेवून म्हणाला, मग मला दोन रंग लागतील.

विटा झाल्या की हीच जोडी तुमच्या फार्मवर वांगी तोडते. उचल फिटलेली नसते ना! म्हणजे आम्ही ज्या वांग्यांचं भरीत चाखून ‘काय चव आहे’ म्हणतो, ती वांगी तोडणाऱ्यांच्या ताटात असतो खर्चीतून आणलेला तांदूळ आणि मूठभर सुकट. रेशनकार्ड गावी, म्हाताऱ्या सासूजवळ. तुमच्या ‘शेतातून थेट ताटात’मध्ये हे ताट येत नाही, जागा कमी पडली असावी.

तुमच्या कार्यक्षमतेला मात्र दाद द्यायलाच हवी. काम मागेल त्याला काम देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. भादव्यात कणगीचा तळ दिसू लागतो, पोर तापाने फणफणतं किंवा मुलीचं लग्न ठरतं, तेव्हा तो कायदा रोख पैसे घेऊन पाड्यावर येत नाही. तुमचा मुकादम येतो. बँक ज्या दारात पाय ठेवत नाही तिथे तुम्ही कागदाशिवाय कर्ज देता, हे कुणी नाकारणार नाही. फक्त या पुण्यकर्माचं जुनं नाव या जिल्ह्याच्या लक्षात आहे. लग्नाला कर्ज घेऊन सावकाराच्या घरी राबणाऱ्याला इथे लग्नगडी म्हणत. त्याच्या बायकोलाही राबावं लागे. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि फुकट राबायचं नाही असं ठरवून उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांना जेठ्या गांगड आणि त्याचे साथी बळी पडले. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे. तुमच्या फार्महाउसच्या शेल्फवर शोभेची पुस्तकं दिसली, त्यात ते एक घालायला हरकत नाही.

कायद्याचंही थोडं. तुमचे वकील हुशार आहेत, पण ते फी घेतात. आम्ही फुकट सांगतो. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा. त्यानुसार वेठीचं कर्ज रद्द होतं, फेडायचं राहत नाही. कर्ज तसलं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर असते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! तुमच्या बॅनरची छपाईसुद्धा त्यात होणार नाही. १९८२ साली दिल्लीत एशियाडचा उत्सव उभा राहत होता, तेव्हा स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमातलं सक्तीचंच काम. गरजेपोटी माणूस ‘हो’ म्हणाला, तरीही. त्याच साली आपल्याच तालुक्यातल्या दहिसर गावात वेठबिगारांच्या सुटकेतून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना उभी राहिली. पुढे त्यांच्याच विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच्या पोरांसाठी भोंगा शाळा काढल्या. तेव्हा ‘आमच्या भागात असलं काही नव्हतंच’ हे तुमचं वाक्य दुसऱ्या तालुक्यासाठी राखून ठेवा.

खरं तर आपल्या भागात याहून जुना पुरावा आहे. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली भुईगावला नवव्याचा. तो नववा लेख आहे समारंभांवर! लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे समारंभ करतात, त्यांचं फळ थोडं, असं सम्राट म्हणतो. आणि ज्याचं फळ मोठं असा समारंभ कोणता, हे सांगताना सुरुवात करतो दास आणि चाकर यांच्याशी नीट वागण्यापासून. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की हा मजकूर सोपाऱ्याच्या बंदरात दगडावर कोरून ठेवावा. व्यापारी इथे फार होते, एवढंच कारण असेल का?

आता स्टॉलचं. तो तुम्हाला मिळू शकतो. पण अट सांगण्याआधी एक गोष्ट ऐका.

फ्लोरिडात इमोकाली नावाचं गाव आहे. तिथल्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी २००० साली मोर्चा काढला, तेव्हा कागदाच्या लगद्याची स्वातंत्र्यदेवी बनवली होती, हातात टोमॅटोची बादली घेतलेली. ती आता वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे. आमच्या पोरांनी तिचा फोटो पाहूनच वही बनवायला घेतली. त्या मजुरांनी पुढे मळेवाल्यांशी भांडण्यापेक्षा टोमॅटो विकत घेणाऱ्या बड्या हॉटेलकंपन्यांना धरलं. मागणी अशी: पौंडामागे एक सेंट जास्त द्या, तो मजुराच्या हातात पडू दे, आणि जिथे माणसांना छळतात त्या मळ्याचा माल घेऊ नका. टॅको बेलवर चार वर्षं बहिष्कार चालला, २००५ साली कंपनीने सही केली. दोन वर्षांनी मॅकडोनाल्ड्सने केली. तिथे दर वाढवून मागितला, तो एक सेंट.

आम्हीही गिऱ्हाइकालाच धरणार आहोत. तुमची वांगी वसईच्या ज्या सोसायट्यांत आणि हॉटेलांत जातात, त्यांची यादी केली आहे आणि त्यांना निमंत्रणं गेली आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही वही उघडायची. उचल किती, विटा किती, दर काय, वजा काय, हे ज्याचं खातं त्याला वाचून दाखवायचं. बायकोच्या नावाचं वेगळं पान घालायचं. आणि किमान वेतनाने हिशोब मांडून निघेल ती बाकी तिथेच द्यायची. मग कोपऱ्यावरचा स्टॉल तुमचा, भाडं माफ. पिशवीवर भगिनींची नावंही छापू, त्यांची हरकत नसेल तर.

ब्लँकेटं मात्र आणू नका. दरवर्षी थंडीत तुम्ही पाड्यावर वाटता, त्याचे फोटो आम्ही पाहतो. एकाच बाईचा तीन वर्षांचा फोटो पाहिला. वहीत तिच्या जोडीची बाकीही तीन वर्षांचीच आहे.

कळावे.

आपले,
कार्निव्हल समितीतले शेजारी

ता. क. : वही आणाल तेव्हा पेन्सिल घरी ठेवा. खोडरबरही.