नाव सोनूबाई

क्रमांक वाढला म्हणजे कर्तबगारीही वाढते, ही सरकारी दफ्तरांतील जुनी समजूत गेमिंग लॅपटॉपच्या बाजारानेही इमानेइतबारे स्वीकारलेली दिसते. २०२१ सालच्या लॅपटॉपमधील आरटीएक्स ३०७० या चिपचा मेमरीकडे जाणारा मार्ग २५६ बिट रुंद होता. २०२३ साली तिच्या गादीवर आलेल्या ४०७०ने तो १२८ बिटांवर आणला, मेमरी पूर्वीइतकीच, म्हणजे ८ जीबी, कायम ठेवली, आणि या काटकसरीस प्रगती हे नामाभिधान लाभले. शिवाय एकाच नावाची ही चिप कोठे ३५ वॅटांच्या तुटपुंज्या शिध्यावर राबते, तर कोठे ११५ वॅटांच्या मेजवानीवर. आणि सडपातळ राहण्याच्या हौसेपायी ज्या यंत्राचे पंखे उष्णतेपुढे हात टेकतात, त्याच्या वाट्यास शिधाच येत असल्याने, मागील पिढीचे जाडजूड, पोटभर वीज खाणारे भावंड त्यास खुशाल मागे टाकते. कीबोर्डाशेजारच्या चकचकीत स्टिकरवर चिपचे नाव ठळक असते, वॅटांचा आकडा मात्र तपशीलपत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. तेव्हा खरेदीदाराने नावाची सनद बाजूस ठेवून आधी तो आकडा वाचावा. सोनूबाईच्या हातातील वाळा कथलाचा आहे की काय, हे तेथेच कळते.