बॉर्डरवरचे काका

आमच्या नाहूरच्या सोसायटीत एक काका आहेत. तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं, "शुगर ना? बॉर्डरवर आहे." कित्येक वर्षं झाली, त्यांची तिथून बदली झालेली नाही.

काकांचं पथ्य स्वतंत्र. साखर वाईट, गूळ चालतो. आंबा हे फळ आहे. प्रसादाला नाही म्हणू नये. काकूंनी श्रीखंडाचं पातेलं उचललं की, "राहू दे गं, चाटून ठेवलं की घासायला सोपं जातं!"

तपासणीच्या आधी चार दिवस मात्र कडक व्रत. भात बंद, कारल्याचा रस चालू, संध्याकाळी लिंक रोडच्या पुलापर्यंत फेरी. नाहूरला फास्ट लोकल थांबत नाही. काकांचं फास्टिंगही दंडावरचा कापूस फेकेपर्यंतच. पुढे थेट वडापाव. जेवणानंतरचं रक्त द्यायचं तर अर्धी पोळी खाऊन जातात. उपाशीपोटीचा आकडा १२० आला की खूश. "मधुमेह १२६ ला. सहा शिल्लक आहेत!" १०० च्या पुढेच धोक्याची घंटा वाजते, हे त्यांच्या हिशेबात नसतं.

गेल्या नोव्हेंबरात सोसायटीत शिबिर झालं. काका पँट पोटाखाली बांधतात, म्हणून "कंबर अजून चौतीसच!" डॉक्टरीणबाईंनी टेप पोटावरून फिरवली. १०२ सेंटिमीटर! पुरुषांची ९० च्या आत हवी. मग चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांची मधुमेहाच्या धोक्याची गुणपत्रिका: वय, कंबर, हालचाल, आईवडिलांची शुगर. ६० पासून पुढे धोका जास्त. काकांना शंभरात ९०. "मॅट्रिकला एवढे पडले असते तर बोर्डात आलो असतो!"

"पण माझे हातपाय बघा, काड्या आहेत!" बाई म्हणाल्या, पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली चरबी हातापायांत दिसत नाही, पोटात लपते. मग इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, काका काकूंना देत नाहीत तसंच. स्वादुपिंड जोर लावून लावून थकतं आणि साखर रक्तातच राहते.

त्या दिवशी एचबीएवनसी केली. ती दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे दिवाळीचा फराळसुद्धा मोजला?" आकडा ७.२. साडेसहाला मधुमेह. खात्रीसाठी पुन्हा केली, ७.१.

आता काका रोज चालतात आणि भेटेल त्याच्या पोटाकडे टक लावून बघतात. तुमच्या घरीही असे काका असतील, कदाचित तुम्हीच असाल. तिशी उलटली असेल, कंबर सुटली असेल, आई किंवा वडिलांना शुगर असेल, तर लक्षणांची वाट पाहू नका. ती बरेचदा नसतातच. एचबीएवनसीचा आकडा ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर अजून मागे फिरता येतं. फक्त तपासणीआधी चार दिवस व्रत धरू नका. जसे आहात तसे जा.