शंभर टक्के यश

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बोरी नदी फुगली की ‘नर’ आणि ‘मादी’ नावाचे धबधबे डोक्यावरून कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. छप्पर गळतं का, हे आत उभं राहून कळायचं. इतकी अडाणी तपासणी आता कोण करतो?

आता जिओ-टॅगिंग आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत जोत्याचा फोटो, लिंटलचा फोटो, स्लॅबचा फोटो, प्रत्येकाला अक्षांश-रेखांश. २०२२ पर्यंत सर्वांना घर मिळणार होतं; २०२२ साल मात्र वेळेवर आलं. उपग्रहाला स्लॅब दिसतो, त्याखाली कोण झोपतं ते दिसत नाही. आणि खाली कोण झोपतं, हा रकाना भरायची घाई तरी कुणाला आहे?

अमेरिकेत म्हणे जानेवारीतल्या एका रात्री रस्त्यारस्त्यावर फिरून बेघर मोजतात, त्यात माजी सैनिक किती हेही वेगळं लिहितात. थंडीत एवढी पायपीट! आपल्याकडे ते काम २०२० सालीच बसल्या जागी उरकलं. माजी सैनिकांना घरपट्टी माफ झाली, योजनेला बाळासाहेब ठाकरेंचं नाव मिळालं. ज्याला घर आहे त्याची पट्टी वाचली, चांगलंच झालं. ज्याला घरच नाही, त्याची पट्टी तर आधीपासूनच शून्य! म्हणजे बेघर माजी सैनिकांपर्यंत ही योजना जाहीर होण्याआधीच पोहोचली होती. अंमलबजावणी शंभर टक्के, खर्च शून्य, तक्रार एकही नाही. तक्रार अर्जावर राहत्या घराचा पत्ता लिहावा लागतो.