काखेत गाव

साकोलीकडच्या कबड्डीने यंदा फार प्रगती केली. सामना अजून व्हायचा आहे, पण जर्सीचं अनावरण झालं. डीजे होता, धूर सोडणारं यंत्र होतं, वर ड्रोन घोंघावत होता. कबड्डीला चेंडू लागत नाही म्हणून, नाहीतर त्याचंही अनावरण झालं असतं.

जर्सी बघण्यासारखी आहे. छातीवर भाऊ, हात जोडलेले. पोटावर कृषी केंद्र, एका बाहीवर टाइल्सचं दुकान, दुसरीवर बोअरवेल. पाठीवर पुन्हा भाऊ, या खेपेला मोबाइलवर बोलताना. आणि गावाचं नाव? आहे ना, काखेत आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे ऐकून होतो; इथे गावच काखेत नेऊन कोंबलं. गडी बोनस मागायला हात वर करतो तेवढ्यापुरतं कळतं, हा अमक्या गावचा. हात खाली आला की गाव गेलं. चढाई असते 30 सेकंदांची. तेवढ्यात प्रेक्षकाने बोअरवेलवाल्याचा नंबर उतरवून घ्यायचा, की पोट्ट्याने कोणाला टिपलं ते बघायचं? पकड झाली की तर विचारूच नका. सगळे एकावर एक कोसळतात आणि त्या ढिगाऱ्यात भाऊवर भाऊ, भाऊखाली भाऊ, सगळे हसताहेत, सगळ्यांचे हात जोडलेले. मातीत तोंड फक्त पोट्ट्यांचं.

संघात खेळणारे सात, राखीव धरून बारा. हायवेच्या चौकात तीच जर्सी घालून खर्रा घोटणारे मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. त्यांना विचारा, मागचा सामना कोण जिंकलं? उत्तर येतं, ‘रील नाही पाहिली का बे?’

रीलमध्ये पोरींचा संघ नसतो. त्यांची जर्सीच नाही, मग दिसणार काय? धान कापून झालं की त्या बांधीत सराव करतात. जमीन भेगाळलेली, धसकटं तशीच, गुडघे सोललेले. कोणीतरी सौजन्यवाल्यांकडे नी-कॅप मागायला गेलं. साहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, ‘यावर फोटो बसेल का?’ नाही बसत हो! माणसाचा गुडघा तेवढा मोठा नसतो, तुमच्या चेहऱ्याचं माप घेऊन देवाने तो घडवलेला नाही! 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी विदर्भातल्या गड्यांनी जगाला कबड्डी करून दाखवली, तेव्हा त्यांच्या छातीवर कोणते भाऊ होते? अनावरणाच्या डीजेला मोजले तेवढ्या पैशात अख्ख्या तालुक्यातल्या पोरींचे गुडघे झाकले असते.

असो. मंडईच्या दिवसांत पोरींचे सामने आहेत, जरूर या. मैदान 12 बाय 8 मीटरचं, आणि रेषा आखायला फक्की नाही. येताना एक पिशवी घेऊन या. पिशवीवर कोणाचाही फोटो चालेल.